माया ठेवून शिवलेला कायदा

यंदा ऐन गणपतीच्या आदल्या दिवशी आमचा फ्रीज बंद पडला. घरात नैवेद्याची तयारी, खवा आणून ठेवलेला, दुधाच्या चार पिशव्या जास्तीच्या घेतलेल्या, आणि फ्रीज नुसता गुरगुरतोय, गारवा नाही. दुपारी शहापुरातून मेकॅनिक आला. त्याने फ्रीज भिंतीपासून ओढला, मागच्या नळीला हात लावून बघितला आणि मला विचारलं, "मॅडम, ह्यात गॅस कुठला हाय? वन थर्टी फोर का सिक्स हंड्रेड?"

राज्यशास्त्र शिकवणाऱ्या बाईला हे काय ठाऊक! माझी नववीतली मुलगी मात्र लगेच पुढे झाली. फ्रीजच्या दारावर एक पुसट झालेलं हिरवं स्टिकर आहे, ते तिने दाखवलं. त्यावर लिहिलेलं, 'सीएफसी फ्री'. मेकॅनिक हसला. म्हणाला, "ते जुनं झालं की हो. सीएफसी जाऊन जमाना झाला. त्याच्या जागी हा वन थर्टी फोर आला, आता हा पण जाणार म्हणतात. सरकार रोज नवीन कायदा काढतंय. आम्ही शिकायचं तरी किती?"

फ्रीज तासाभरात सुरू झाला. त्याचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यात बसला. कायदा सारखा बदलावा का? आपल्याकडे पक्क्या गोष्टीला 'काळ्या दगडावरची रेघ' म्हणतात. कायदाही तसाच असावा, अशी आपली समजूत. मग ज्या कायद्यात दर काही वर्षांनी बदल होतो, तो कच्चा म्हणायचा का?

त्या रात्री जेवताना विषय पुन्हा निघाला. वाचकहो, आमच्या घराविषयी थोडं सांगायला हवं. माझं माहेर खानापूरचं, मराठी. सासर मूळ धारवाडकडचं, कन्नड. एकाच वाक्यात दोन्ही भाषा नांदतात, हे या सदराच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. पुतण्या कन्नड माध्यमात शिकतो. सणासाठी तोही आला होता. मुलगी म्हणाली, "सीएफसीमुळे ओझोनचा थर विरळ होतो." पुतण्या म्हणाला, "थर नव्हे, पदर. आमच्या पुस्तकात ओझोन पदर आहे." दोघांची जुंपली. शेवटी माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आमच्या अत्तेंनी, निकाल दिला. चपातीची घडी उलगडून दाखवली आणि म्हणाल्या, हा पदर, आणि माझ्या डोक्यावरचा तोही पदर. कन्नडने एक घेतला, मराठीने दोन्ही.

मला तो शब्द फार आवडला. कारण ज्या कराराची गोष्ट मी आज सांगणार आहे, तो आभाळाच्या या पदरासाठीच झाला.

हा पदर आहे तरी केवढा? जमिनीपासून साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर ओझोन वायू जास्त प्रमाणात आढळतो. ऐकायला जाड वाटतं. पण हा सगळा ओझोन खाली आणून, आपल्याकडच्या हवेच्या दाबाखाली शून्य अंश तापमानाला पसरला, तर त्याची जाडी जेमतेम ३ मिलिमीटर भरेल. तेवढ्या पातळ पदराआड आपण सूर्याच्या अतिनील किरणांपासून लपून आहोत. तो फाटला तर त्वचेचा कर्करोग आणि मोतीबिंदू वाढतात, पिकांना आणि समुद्रातल्या सूक्ष्म जिवांना बाधा पोहोचते.

आणि त्याला धोका निर्माण झाला तो एका चांगल्या गोष्टीतून, हे लक्षात ठेवायला हवं. शंभर वर्षांपूर्वीच्या फ्रीजमध्ये अमोनिया किंवा सल्फर डायऑक्साइडसारखे विषारी वायू वापरत. गळती झाली तर माणसं दगावत. १९२८ साली अमेरिकेत टॉमस मिजली या रसायनतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी फ्रीजसाठी नवा वायू शोधला, तो सीएफसी, म्हणजे क्लोरोफ्लुरोकार्बन. विषारी नाही, पेट घेत नाही, कशाशी संयोग पावत नाही. घरात ठेवायला याहून सुरक्षित काय असणार? फ्रीज, एअर कंडिशनर, फवाऱ्याचे डबे, गाद्यांचा फोम, सगळीकडे तो शिरला. त्या वेळच्या ज्ञानाप्रमाणे त्यात काहीच चूक नव्हती.

१९७४ साली कॅलिफोर्नियातले मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलँड यांनी एक साधा प्रश्न विचारला. हा वायू कशाशीच संयोग पावत नाही, तर मग तो जातो कुठे? त्यांचं गणित असं निघालं की तो हळूहळू वर चढतो, तिथल्या तीव्र किरणांनी फुटतो, त्यातून क्लोरीन सुटतं, आणि त्या क्लोरीनचा एकेक अणू ओझोनचे हजारो रेणू मोडतो. म्हणजे त्याचा जो गुण, तोच त्याचा दोष.

पण हे कागदावरचं गणित होतं. आभाळात भोक पडलेलं कुणी पाहिलं नव्हतं. कारखानदार म्हणाले, आधी सिद्ध करा. अमेरिका, कॅनडा, स्वीडन, नॉर्वे अशा काही देशांनी १९७८ च्या सुमारास फवाऱ्याच्या डब्यांतून सीएफसी काढायचं ठरवलं. बाकी जग थांबून राहिलं.

इथे आंतरराष्ट्रीय कायद्याची खरी अडचण येते. मी वर्गात मुलांना पहिल्याच दिवशी सांगते की राष्ट्र सार्वभौम असतं, त्याच्या संमतीवाचून त्याच्यावर करार लादता येत नाही. जगाची विधानसभा नाही आणि जगाचा फौजदारही नाही. त्यामुळे देशांना एकत्र आणायचं तर पुरावा लागतो. आणि विज्ञान तर नेहमी "आमच्या आजच्या माहितीप्रमाणे" अशा भाषेत बोलतं. कायद्याला हवा असतो होय किंवा नाही. विज्ञान देतं शक्यता. मग सही कधी करायची?

२२ मार्च १९८५ रोजी व्हिएन्नात एक करार झाला. त्यात कुठल्याही वायूवर बंदी नव्हती, कपातीचा एकही आकडा नव्हता. संशोधन करू, माहितीची देवाणघेवाण करू, पुढे गरज पडली तर नियम करू, एवढंच. अनेकांनी नाकं मुरडली. नुसती कागदी फुलं म्हणाले. पण पुढच्या नियमांसाठी चौकट तयार झाली होती.

दोन महिन्यांच्या आत, मे महिन्यात, 'नेचर' नियतकालिकात ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेच्या तिघा शास्त्रज्ञांचा लेख आला. जोसेफ फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन. अंटार्क्टिकावरच्या हॅली बे या ठाण्यावर १९५७ पासून एकाच पद्धतीने, दरवर्षी, ओझोन मोजला जात होता. अगदी कंटाळवाणं काम. पण त्या नोंदवहीमुळेच कळलं की तिथल्या वसंतात, म्हणजे ऑक्टोबरात, ओझोन पूर्वीच्या सुमारे दोन तृतीयांशावर आलाय. आधी त्यांनाही वाटलं की यंत्र बिघडलं असेल. नवं यंत्र आणून मोजलं, तरी तेच. वर फिरणाऱ्या उपग्रहानेही हे टिपलं होतं, पण इतके कमी आकडे संगणकाने संशयास्पद म्हणून बाजूला काढून ठेवले होते. इतकं काही घडू शकेल ही शक्यताच कुणी धरली नव्हती.

आता पुढची तारीख बघा. १६ सप्टेंबर १९८७, कॅनडातलं माँट्रियल. २४ देशांनी आणि युरोपीय आर्थिक समुदायाने मसुद्यावर सह्या केल्या. सीएफसीचं उत्पादन आणि वापर शतक संपायच्या आत निम्म्यावर आणायचा. गंमत म्हणजे, अंटार्क्टिकावरचं छिद्र सीएफसीमुळेच पडलं की वाऱ्यांच्या बदलामुळे, याचा निर्णय सह्या करताना झालेला नव्हता. सुसान सॉलोमन या तरुण शास्त्रज्ञ आदल्या वर्षी अंटार्क्टिकावर पथक घेऊन गेल्या होत्या, त्यांच्या निरीक्षणांचा रोख क्लोरीनकडे होता. आणि ज्या महिन्यात माँट्रियलला सह्या होत होत्या, त्याच महिन्यात चिलीच्या दक्षिण टोकाहून उडालेलं एक संशोधन विमान त्या छिद्रात शिरून मोजणी करत होतं. जिथे क्लोरीनचं संयुग वाढतं तिथेच ओझोन घटतो, हे त्या मोजणीत स्पष्ट दिसलं. पण तो निष्कर्ष तपासून जगापुढे यायला पुढचे काही महिने लागले.

म्हणजे सही आधी झाली, खात्री नंतर. घाई झाली का? मला वाटतं, नाही. डॉक्टर निमोनियाची शंका आली की तपासणीचा रिपोर्ट यायच्या आत औषध सुरू करतात. रिपोर्ट आल्यावर औषध बदलतात किंवा मात्रा वाढवतात. थांबण्याची किंमत जेव्हा भलतीच मोठी असते, तेव्हा थोड्या पुराव्यावर पाऊल टाकणं शहाणपणाचं असतं. पुढे १९९२ च्या रिओ परिषदेच्या जाहीरनाम्यात हेच पंधरावं तत्त्व म्हणून आलं. गंभीर किंवा भरून न येणाऱ्या हानीचा धोका असेल तर पूर्ण वैज्ञानिक खात्री नाही या सबबीवर उपाय लांबवू नयेत. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली तामिळनाडूतल्या वेल्लोरच्या चर्मोद्योगांच्या खटल्यात हे सावधगिरीचं तत्त्व भारतीय कायद्याचा भाग म्हणून मान्य केलं. तेव्हा हे काही परदेशातलं पुस्तकी तत्त्व राहिलेलं नाही.

पण मला माँट्रियल कराराची थोरवी त्या पहिल्या सहीत वाटत नाही. ती त्याच्या शिवणीत आहे.

आमचा शिंपी मुलीचा झगा शिवताना शिवणीच्या आत बोटभर जास्तीचं कापड सोडतो. त्याला आपण 'माया' म्हणतो. मूल वाढलं की शिवण उसवायची, थोडी माया बाहेर काढायची, झगा पुन्हा अंगाला येतो. माया न ठेवता शिवलेला कपडा दिसतो झोकात, पण वर्षभरात फेकावा लागतो.

माँट्रियल कराराच्या सहाव्या कलमात अशी माया आहे. १९९० पासून, दर चार वर्षांतून किमान एकदा, उपलब्ध वैज्ञानिक, पर्यावरणीय, तांत्रिक आणि आर्थिक माहितीच्या आधारे आपल्याच नियमांची तपासणी करायची, असं बंधन देशांनी स्वतःवर घालून घेतलं. आणि दुसऱ्या कलमाच्या नवव्या परिच्छेदात तर फारच धीट तरतूद आहे. यादीत आधीच असलेल्या वायूची कपात कडक करायची असेल, तर प्रथम एकमताचा प्रयत्न करायचा. ते नाहीच झालं, तर दोन तृतीयांश मतांनी निर्णय घ्यायचा, आणि तो सर्व सभासदांवर बंधनकारक. प्रत्येक देशाच्या संसदेकडे पुन्हा मंजुरीसाठी जायला नको. सहा महिन्यांत लागू. यादीत नवा वायू घालायचा असेल तर मात्र रीतसर दुरुस्ती आणि प्रत्येकाची मंजुरी लागते.

ज्या जगात देश आपल्या सार्वभौमत्वाचा एक दोराही सोडत नाहीत, तिथे ही तरतूद मंजूर झाली. प्रत्यक्षात मतदानाची वेळ येऊ न देता देश एकमतानेच निर्णय घेत आले. पण तरतूद आहे, याचाच धाक पुरतो.

या मायेचा उपयोग लगेच झाला. १९८८ च्या मार्चमध्ये शास्त्रज्ञांच्या मोठ्या गटाने अहवाल दिला. ओझोन केवळ अंटार्क्टिकावर नव्हे, उत्तर गोलार्धातल्या वस्तीच्या भागावरही घटतोय. त्यानंतर काही दिवसांतच ड्यू पॉन्ट या जगातल्या सर्वांत मोठ्या सीएफसी उत्पादक कंपनीने उत्पादन टप्प्याटप्प्याने बंद करण्याचं जाहीर केलं. १९९० मध्ये लंडनला निम्मी कपात पूर्ण बंदीत बदलली, मुदत २०००. १९९२ मध्ये कोपनहेगनला तीच मुदत पुढारलेल्या देशांसाठी १९९६ वर आणली. विज्ञान एक पाऊल पुढे गेलं की कायदा मागोमाग.

आता कुणी म्हणेल, हे सारं गोऱ्या देशांचं कौतुक. आपलं काय? प्रश्न रास्त आहे. १९८७ साली भारताने सही केली नव्हती, आणि तसं करण्यात हट्ट नव्हता, हिशेब होता. वायू सोडले त्यांनी, आपल्याकडे दरडोई वापर नगण्य. आपल्या घरांत फ्रीज यायला लागले तेव्हा नेमके म्हणणार, आता हे बंद! लंडनच्या बैठकीत त्या वेळच्या पर्यावरण मंत्री मनेका गांधी यांनी भारताची बाजू ठामपणे मांडली. नवं तंत्रज्ञान आणि त्याचा खर्च, दोन्हीची सोय झाल्याशिवाय गरीब देशांनी ओझं का उचलावं? तिथेच बहुपक्षीय निधी उभा राहिला. सुरुवातीला १६ कोटी डॉलर, आणि भारत व चीन आत आले तर २४ कोटी, असं ठरलं. विकसनशील देशांना मूळ करारातच दहा वर्षांची सवलत होती. १९९२ साली भारत करारात सामील झाला.

इथे मला वर्गात मुलांना नेहमी सांगावंसं वाटतं ते असं. क्लोरीन काय करतं हे विज्ञान सांगतं. पण खर्च कुणी सोसायचा, हे विज्ञान सांगत नाही. तो न्यायाचा प्रश्न. शोध कितीही पक्का असला, तरी वाटणी रास्त नसेल तर सह्या होत नाहीत, आणि झाल्या तरी पाळल्या जात नाहीत. निधी मिळाल्यावर भारताने काय केलं? विकसनशील देशांसाठी मुदत २०१० ची होती. भारताने औषधी उपयोगाचा अपवाद सोडून सीएफसीचं उत्पादन १ ऑगस्ट २००८ पासूनच, म्हणजे १७ महिने आधी, बंद केलं.

तो 'औषधी उपयोगाचा अपवाद' आमच्या घरात राहत होता.

अत्तेंना फार वर्षांपासून दमा. उशाशी पंप असतोच. पंपातलं औषध फुप्फुसापर्यंत ढकलायला जो वायू लागतो, तोही पूर्वी सीएफसीच असे. फ्रीजला दुसरा वायू चालतो, पण दम्याच्या रोग्याला "तुझा पंप बंद" कसं म्हणणार? म्हणून करारात आरोग्यासाठी अत्यावश्यक आणि ज्याला अजून पर्याय नाही, अशा वापराला सूट होती. पर्यायी पंप तयार होऊन तपासले गेले, तसतशी ती सूट आटोपती घेतली. आपल्याकडे हा बदल २०१० नंतरच्या एक-दोन वर्षांत झाला.

मला तो दिवस आठवतो. माझं लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. रात्री अत्तेंना धाप लागली. नवा आणलेला पंप त्यांनी ओढला आणि घाबऱ्याघुबऱ्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "इदु अदल्ल. गाळी बरवल्दु." हा तो नव्हे, यातून वाराच येईना. जुन्या पंपाचा गार, जोराचा झोत घशावर आदळायचा. नव्याचा झोत मऊ, चवही निराळी. त्यांना वाटलं, औषध नकली आहे. भीतीने धाप आणखी वाढली. मी नुसती पाठीवर हात फिरवत बसले. सकाळी डॉक्टरांनी समजावलं, औषध तेच आहे, फक्त आतला वायू बदललाय, आणि पंप ओढायची पद्धत पुन्हा शिकवली. एवढं सांगायला दोन मिनिटं पुरली. पण पंप देताना ती दोन मिनिटं कुणी दिली नव्हती.

माँट्रियलच्या मेजावर दम्याच्या रोग्याची आठवण ठेवली गेली, याचं मला कौतुक आहे. पण शोध आणि कायदा घरापर्यंत पोहोचतो तो शेवटच्या माणसाच्या तोंडून. ते तोंड बंद राहिलं, तर चांगला कायदाही रात्री अडीच वाजता माणसाला घाबरवतो.

आता आमच्या फ्रीजच्या गॅसकडे येऊ. सीएफसी गेलं, त्याच्या जागी एचएफसी घराण्यातले वायू आले. वन थर्टी फोर त्यातलाच. त्यात क्लोरीन नाही, म्हणून ओझोनला धक्का नाही. १९९० च्या दशकात हाच उत्तम पर्याय होता. पण पुढे लक्षात आलं की पृथ्वी तापवण्यात त्याचा एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या हजार किलोंहून भारी पडतो. उपायाचाच अपाय! १५ ऑक्टोबर २०१६ रोजी रवांडातल्या किगाली शहरात देशांनी माँट्रियल करारात दुरुस्ती करून एचएफसी कमी करण्याचं वेळापत्रक ठरवलं. भारताने २०२१ मध्ये तिला मंजुरी दिली. आपल्याला २०२८ पर्यंत वाढ थांबवायची आहे, २०३२ पासून कपात सुरू करायची आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के खाली यायचं. नव्या फ्रीजमधला सिक्स हंड्रेड, म्हणजे आयसोब्युटेन, त्याच वाटेवरचा. तो पेट घेतो, म्हणून थोडाच भरतात आणि जपून भरतात.

मुलगी त्या रात्री म्हणाली, "म्हणजे शास्त्रज्ञ आधी चुकले, मग पुन्हा चुकले. उद्या पुन्हा चुकले तर?" चुकतील. १९२८ ला जे सुरक्षित वाटलं ते १९७४ ला धोक्याचं ठरलं, १९९० च्या दशकात जो पर्याय होता तो २०१६ ला प्रश्न झाला. पण चूक शोधली कुणी? शास्त्रज्ञांनीच. आणि ती सुधारता आली, कारण कायद्याने माया ठेवली होती. विज्ञान चुकत नाही म्हणून नव्हे, ते स्वतःची चूक शोधत राहतं म्हणून त्याच्यावर कायदा उभारायचा.

आणि पहारा? तोही विज्ञानानेच दिला. २०१० नंतर सीएफसी-११ चं उत्पादन जगभर शून्य आहे, असे अहवाल सरकारं देत होती. २०१८ मध्ये हवाई बेटांवरच्या वेधशाळेत आणि इतरत्र रोज हवा मोजणाऱ्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की हवेतलं प्रमाण जेवढं घटायला हवं तेवढं घटत नाही. कुणीतरी चोरून बनवतंय. पुढच्या वर्षी दक्षिण कोरिया आणि जपानमधल्या ठाण्यांच्या नोंदींवरून त्याचा मोठा भाग पूर्व चीनमधून येत असल्याचं दिसलं. बोभाटा झाला, कारवाई झाली, आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत ते उत्सर्जन पुन्हा खाली आलेलं दिसलं. कागद खोटं बोलू शकतो, हवा बोलत नाही.

आज १९७ देश आणि युरोपीय संघ या करारात आहेत. २०२३ च्या सुरुवातीला आलेल्या अहवालाप्रमाणे, हेच धोरण चालू राहिलं तर जगाच्या बहुतेक भागांवरचा ओझोन २०४० च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल, उत्तर ध्रुवावर २०४५ आणि अंटार्क्टिकावर २०६६ च्या सुमारास. माझी मुलगी तेव्हा माझ्याहून म्हातारी झालेली असेल.

हवामान बदलाच्या बाबतीत मात्र असं झालं नाही. सीएफसी बनवणाऱ्या कंपन्या मोजक्या होत्या, पर्याय हाताशी आले होते. कोळसा आणि तेल तर आपल्या चुलीपासून एसटीपर्यंत भरलंय. तिथे कायदा शोधांच्या फार मागे रखडला. तरी २३ जुलै २०२५ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने, वानुआटू या छोट्या बेटांच्या देशाने पुढाकार घेतल्यामुळे, एकमताने मत दिलं की हवामानाचं रक्षण हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे. तसं करताना न्यायालयाने शास्त्रज्ञांच्या आंतरसरकारी मंडळाचे अहवाल उपलब्ध विज्ञानातले सर्वोत्तम म्हणून आधाराला घेतले. ते मत सल्ल्याच्या स्वरूपाचं आहे, हुकूम नव्हे. पण व्हिएन्नाचा करारही एके काळी कागदी फुलंच होता.

शेवटी एक कबुली देते. त्या दुपारी मेकॅनिकने फ्रीजची नळी कापली, तेव्हा उरलेला गॅस 'फुस्स' करून आमच्या पॅसेजमध्ये निघून गेला. मी शेजारी उभी होते, किगालीवर वर्गात तासभर बोलणारी बाई, आणि माझ्या काहीच लक्षात आलं नाही. दोन दिवसांनी त्याला फोन केला. म्हटलं, तो गॅस सोडायचा नसतो ना? तो म्हणाला, "काढून घ्यायचं मशीन असतंय मॅडम. पण त्याचे पैसे वेगळे. आजपर्यंत एकाही गिऱ्हाइकाने विचारलं नाही. तुम्ही पहिल्या."

तोही विचारल्यावरच सांगतो, मीही वेळ गेल्यावरच विचारलं. आमचा हा फ्रीज आणखी दोन-तीन वर्षं काढेल. तो भंगारात घालायची वेळ येईल तेव्हा ते मशीन आधी मागवायचं आणि त्याचे पैसे द्यायचे, असं आम्ही घरात ठरवलंय. अत्तेंनी ते दारावरच्या पुसट स्टिकरखाली पेनने लिहून ठेवलंय. कन्नडमध्ये.